घर आणि यार्ड यांचं संयुक्त राज्य

"हे बांगडे कुणी तळले, ते मला आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे," आई ओरडत होती. साधं ओरडणं नव्हतं ते. आमच्या ब्लॉकसमोरच्या झाडावरच्या कोकिळा पहाटेपासून कुणाच्या बापाला ऐकत नाहीत, त्या गप्प झाल्या. खालच्या मजल्यावरच्या मलय आजोबांनी रेडिओ बारीक केला. सिंगापूरच्या उत्तर टोकाच्या आमच्या वुडलँड्सपासून मलेशियातलं जोहोर काही लांब नाही. मधल्या समुद्रावरच्या कॉजवेच्या त्या टोकाला एखादा कस्टमवाला दचकून पट्टा आवळायला लागला असेल, तर मला नवल वाटणार नाही. आईच्या हातात बाबांचा आकाशी शर्ट होता आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा तिनं तो कॉलरच्या टोकाला धरला होता. "काल असाच एक शर्ट घालून माणूस पाया लेबारच्या ऑफिसात मीटिंगला गेला. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, आज लंचला फिश आहे का. धुतलेला शर्ट. इस्त्री केलेला शर्ट."

"कुणी म्हणजे काय, वहिनी?" मागच्या यार्डातून आत्याचा आवाज आला. "या घरात बांगडे तळणारी मी एकटी. नाव घेऊन ओरडा की."

"नाव घेत नाही ते संस्कार आडवे येतात म्हणून, वन्सं."

आई आत्याला एरवी संध्या म्हणायची. 'वन्सं' निघालं की पुढचे दोन दिवस डाळीला फोडणी जरा करपलेलीच बसायची. ज्यांच्या शर्टावरून हे चाललं होतं ते आमचे बाबा बनियनवर डायनिंग टेबलाशी बसून पोहे खात होते आणि शर्ट मिळाला तर ऑफिसला जावं, न मिळाला तर त्यांच्या मते तेही चालण्यासारखं होतं. आत्याची मुलगी रेवा, वय वर्षं नऊ, सोफ्यावर उलटी लोंबकळत म्हणाली, "मामी, जस्ट स्प्रे परफ्यूम लाह." आणि आजी, म्हणजे बाबांची आणि आत्याची आई, देवापुढे बसून जपाची माळ ओढत होती, पण मणी पुढे सरकत नव्हता. तिला एक शब्दही गाळायचा नव्हता.

आत्मचरित्र लिहायला माणूस म्हातारं असावं लागतं, असं रेवा मला हल्ली सुनावते. मी अजून तिशीच्या अलीकडे आहे, हेही सुनावते. पण ज्या बाईनं दहावीच्या आत एक साम्राज्य उभं केलं, चालवलं आणि बुडताना पाहिलं, तिला वयाची अट लावू नये. शिवाय माझा डावा गुडघा पावसाळी हवेत दुखतो. सिंगापुरात हवा बारा महिने पावसाळी असते.

तर घर. आमचा फ्लॅट दोन कुटुंबांनी मिळून भाड्यानं घेतला होता. एक आम्ही, म्हणजे पुण्याहून आलेलं सॉफ्टवेअरवाल्याचं कुटुंब. दुसरं आत्याचं. आत्यानं लग्न केलं मालवणकडच्या मरीन इंजिनिअरशी. काका वर्षातले बरेच महिने कुठल्या तरी तेलवाहू बोटीच्या पोटात असायचे आणि उरलेले सुट्टीत झोपून काढायचे. त्यामुळे आत्या आणि रेवा एकट्या पडू नयेत म्हणून दोन्ही कुटुंबांनी एकत्र राहायचं ठरलं. आमच्या घरात आजोबांच्या पिढीपासून गळ्यात माळ, त्यामुळे मासळी नाही. आत्या सासरी गेली आणि तिथं तिला मासळी अशी काही लागली की ती परत डाळीवर येईना. आता एका स्वयंपाकघरात दोन धर्म कसे नांदणार? म्हणून किचनच्या मागं जे सर्व्हिस यार्ड असतं, वॉशिंग मशीन ठेवायचं आणि बांबूवर कपडे वाळत घालायचं, तिथं आत्यानं एक इंडक्शन शेगडी, एक कढई आणि तिरफळांचा डबा मांडला. तिथून निघणाऱ्या बांगड्याच्या तिखल्याचा वास मी आजही सांगू शकते. तिरफळ, चिंच, ओलं खोबरं. सरकारी लॅबोरेटरीत नेलं असतं तर त्या वासाला पासपोर्ट मिळाला असता. आणि त्या वासाच्या बरोबर वर, बांबूवर, आमच्या बाबांचे ऑफिसचे शर्ट.

इकडे आईच्या किचनमध्ये कढी, थालीपीठ, भरली वांगी, शनिवारी साबुदाणा. मला दोन्ही लागायचं. मी दुपारी शाळेतून आले की पुढल्या दारानं आत शिरायची, किचनमध्ये कढी-भात जेवायची आणि हात धुवायला म्हणून यार्डात जायची ती अर्ध्या तासानं यायची. आईला ते ठाऊक होतं. तिनं फक्त एवढंच बजावलं होतं की परत येताना हातच नाही, कोपरापर्यंत धू.

पण त्या वर्षी भांडणाला वेगळीच धार होती. दोन वर्षांचं लीज संपत आलं होतं आणि आईला आता वेगळं व्हायचं होतं. बाबांना पाया लेबार गाठायला रोज एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, जन्म काढावा लागे. ऑफिसच्या बाजूला, बेडोकला फ्लॅट मिळाला तर ते चालत घरी आले असते, असं आई म्हणायची. चालत आले नसते, बाबा लिफ्टपर्यंतही चालत जात नसत, पण मुद्दा खरा होता. आत्याला रेवाच्या शाळेसाठी वुडलँड्स सोडता येत नव्हतं. म्हणजे वेगळं होणं आलं. आणि वेगळं होणं आलं की आजी आमच्याबरोबर येणार, हे कुणी बोलायचीही गरज नव्हती. कारण आमच्याकडे आई लेकीच्या, म्हणजे जावयाच्या, घरी राहत नाही. आजी तर त्या बाबतीत अशी कट्टर की आत्याचं लग्न झाल्यावर मालवणला गेली तेव्हा पाण्याची बाटली पुण्याहून घेऊन गेली होती, आणि व्याह्यांच्या ओसरीवर बसून, सगळ्यांच्या देखत, आपलंच पाणी प्यायली. इथं ती आत्याबरोबर राहत होती ते केवळ घर मुलाचंही होतं म्हणून. घर फुटलं की आत्या नवरा समुद्रात असताना लेकीला घेऊन एकटी, आणि आजी बेडोकच्या खिडकीत एकटी. मला ते नको होतं. मला काहीच तुटायला नको होतं. मला कढीही हवी होती आणि तिखलंही.

नेमकं तेव्हाच आमच्या हिस्टरीच्या सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. त्यांना मेलेल्या राज्यांची भारी आवड. प्रत्येकानं एक मेलेलं राज्य घ्यायचं आणि वर्गाला समजावून सांगायचं. माझ्या शेजारच्या मुलाला मंगोल आले, म्हणजे घोडे, जाळपोळ, कवट्यांचे ढीग. मला आलं ऑस्ट्रिया-हंगेरी. मी पुस्तक चाळून सरांकडे गेले आणि म्हटलं, सर, यात एकही कवटी नाही. सर म्हणाले, थांब, यात कमिट्या आहेत.

मी वुडलँड्सच्या लायब्ररीत एसीच्या खाली कुडकुडत ते पुस्तक वाचलं आणि तिसऱ्या प्रकरणापाशी माझा घाम निघाला. कारण ते आमचं घर होतं. एक राजा, पांढरे कल्ले वाढवलेला, पहाटे उठून कागदांपुढे बसणारा. व्हिएन्नात तो सम्राट, बुडापेस्टमध्ये तो राजा. माणूस एक, पण इकडचे कायदे इकडे, तिकडचे तिकडे. दोन पार्लमेंटं, दोन पंतप्रधान, नागरिकत्वंसुद्धा दोन. सामायिक खाती फक्त तीन: परराष्ट्र, युद्ध, आणि या दोन खात्यांचा खर्च भागवण्यापुरतं अर्थखातं. दर दहा वर्षांनी दोघांनी बसून पुढचा तह करायचा, आणि दर दहा वर्षांनी आता मोडतंय की काय असं भांडायचं. सैन्यात दहा-बारा भाषांचे लोक, तर हुकूम तेवढे जर्मनमध्ये, मोजके, पाठ करता येतील असे; बाकी ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत कण्हावं. सामायिक कचेऱ्यांच्या पाट्यांवर 'शाही आणि राजेशाही' असं लिहायचं. त्यात तो 'आणि' असावा, म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दिसावं, यासाठी हंगेरीवाले वर्षानुवर्षं भांडले. हे वाचून मला आत्याच आठवली.

आणि मग ते आलं, ज्यासाठी मी आजही त्या लोकांना मनातल्या मनात नमस्कार करते. दोन्ही पार्लमेंटं सामायिक कामासाठी आपापलं एक शिष्टमंडळ निवडायची. एक वर्ष ती व्हिएन्नात भरायची, एक वर्ष बुडापेस्टात. पण एकाच शहरात असून एका खोलीत बसायची नाहीत. एकमेकांशी बोलणं लेखी. तीनदा कागद इकडून तिकडे जाऊनही जमलं नाही, तरच एकत्र बसायचं, दोन्हीकडून सारखी माणसं, आणि चर्चा न करता मत द्यायचं. चर्चा न करता. आमच्या घरात चर्चेशिवाय आजवर पंखासुद्धा लागला नव्हता.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी भिंतीवर चार्ट पेपर लावला आणि राज्य जाहीर केलं. घर हे एक राज्य, यार्ड हे दुसरं.

"यार्ड म्हणजे राज्य?" आई म्हणाली. "तिथं वॉशिंग मशीन आहे."

"वॉशिंग मशीन सामायिक," मी म्हटलं. "त्यावर 'घ. आणि या.' अशी चिठ्ठी लागेल. फ्रिजवर पण."

"मधे 'आणि' पाहिजे हं," आत्या म्हणाली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी शपथेवर सांगते, कुणी सांगितलं नव्हतं.

परराष्ट्रमंत्री बाबा, कारण घरमालकीण आली की तिच्यापुढे हसत उभं राहायला निरुपद्रवी चेहऱ्याचा माणूस लागे. युद्धमंत्री आत्या, तिच्या चपलेपुढे सिंगापूरच्या झुरळांनी कधीच पांढरं निशाण दाखवलं होतं. अर्थ आईकडे. पंतप्रधान कुणीच नाही, आणि हे ऐकून तिघांनीही आपण तेच आहोत अशा चेहऱ्यानं मान हलवली. हुकमाची भाषा ठरवायची होती, कारण आजी मराठीत बोले, रेवा जिथंतिथं 'लाह' लावणाऱ्या इथल्या सिंगलिशमध्ये, बाबा ऑफिसच्या इंग्रजीत, आणि आई-आत्या रागावल्या की फक्त भांड्यांत. शेवटी मंजूर झालं की सामायिक हुकूम दोनच, 'कॅन' आणि 'कॅनॉट'. आजीनं ते दोन्ही लगेच घोकले. ती पुढचा आठवडाभर खाऊगल्लीसारख्या हॉकर सेंटरमधल्या पोळी-पराठेवाल्यापासून लिफ्टमधल्या चिनी आजीबाईंपर्यंत सगळ्यांना कॅन-कॅनॉट करत हिंडली आणि तिला म्हणे पहिल्यांदाच इथं आपलं सगळं सगळ्यांना समजतंय असं वाटलं.

मग राजाचा विषय निघाला. राजा अर्थात आजी.

"म्हणजे मला दोन मुकुट?" आजीनं विचारलं.

"हो. इकडे तू सासू, तिकडे तू आई. माणूस एक, पण कायदे वेगळे."

"इकडचा कायदा तिकडे लागू नाही?"

"मुळीच नाही."

"मग तिकडे काय करावं, ते तिकडचं तिकडे ठरतं?"

"हो ग आजी."

"बरं," आजी म्हणाली आणि उठून आडवी झाली. आम्हाला वाटलं, कंटाळली.

राज्य चाललं. मी उगाच बढाई मारत नाही, ते जगातल्या कुठल्याही राज्यापेक्षा चांगलं चाललं. तहाच्या पहिल्याच कलमानं शर्टांचा प्रश्न सुटला: बांबूवर कपडे असतील तोवर यार्डात तेल तापवायचं नाही, आणि कपडे आत आले की घराला यार्डाच्या तेलाबद्दल बोलायचा हक्क नाही. बाबांच्या शर्टाला मीटिंगमध्ये आता नुसता माणसाचा वास येऊ लागला. युद्धखात्यानं किचनमधली पालही पळवली, घराच्या लेखी विनंतीवरून, आणि घरानं यार्डाला आभाराचा कागद पाठवला. रेवा कागद नेआण करायची, शाळेचा टाय लावून. दोन पावलांचं अंतर होतं, पण ती मधल्या दारावर टकटक करून "मे आय" म्हणायची आणि आत्या राज्य बाळगल्यासारखा चेहरा करून "कॅन" म्हणायची. आई रागानं लिहायला बसे, पण लिहिताना माणसाला मायना घालावा लागतो, 'सप्रेम नमस्कार' लिहावं लागतं, आणि तेवढ्यात राग अर्ध्यावर येतो. हे त्या व्हिएन्नावाल्यांना बरोबर कळलं होतं. रेवा आता कायदा शिकते. तिचं म्हणणं, माझ्या राज्यघटनेला जागोजाग भोकं होती. असतील. पण हवा तिथूनच खेळत होती.

आणि एका दुपारी मी शाळेतून आले. आई किचनमध्ये पाणी प्यायला आली होती. बाहेरच्या खोलीत तिच्या मराठीच्या शिकवणीची दोन मुलं बाराखडी गिरवत होती. यार्डाचं दार अर्धवट लोटलेलं. आतून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, आत्याची कुणी मैत्रीण आली असेल, कारण ते हसू मी कधी ऐकलं नव्हतं. मोकळं, घशातून येणारं, मधेच ठसका लागलेलं. आई ग्लास हातात धरून थबकली. मी फटीतून पाहिलं. वॉशिंग मशीनला टेकून, खाली पाट टाकून आजी बसली होती. पुढ्यात केळीचं पान नव्हतं, रेवाची कार्टूनवाली प्लेट होती, आणि त्यात अख्खा बांगडा. आजी काटा असा काढत होती की मला, रोजच्या खाणाऱ्या मुलीला, लाज वाटावी. "रेवदंड्याला," ती आत्याला सांगत होती, "माझा बाप बाजारातून यायचा तो आधी माझ्या नावानं हाक मारायचा. म्हणायचा, ये, तुझा नवरा आणलाय. मग लग्न झालं, यांच्या घरी माळ. सुटलं ते सुटलंच."

"आणि आज कसं ग?" आत्यानं विचारलं.

"आज तिकडे थोडीच आहे मी," आजी म्हणाली. "इकडे आहे."

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता कोकिळांची पुन्हा धडगत नाही. माळकऱ्यांची सून ती. सासूच्या शब्दाखातर तिनं लग्नानंतर कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात शिवला नव्हता. पण आई तशीच उभी राहिली. आतून पुन्हा ते हसू आलं. आईनं हळूच, अगदी बोटाच्या टोकानं, यार्डाचं दार पुढे ओढून घेतलं आणि मला डोळ्यांनी चल म्हणाली. संध्याकाळी आजी हात धुऊन जपाला बसली तेव्हा आईनं काही न बोलता तिच्यापुढे अर्धं लिंबू ठेवलं. वासाला. आजीनं लिंबाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि बोटं चोळू लागली. दोघींपैकी कुणीही त्यावर पुढे कितीतरी दिवस एक अक्षर काढलं नाही. ज्या घरात मिठाच्या बरणीवर तासभर चर्चा होई, तिथं हे घडलं. मी याला माझ्या राज्यघटनेचा सर्वांत मोठा विजय मानते आणि मानत राहणार.

पण लीज कुणासाठी थांबत नाही. घरमालकिणीचा फोन आला आणि तहाच्या फेरविचाराची वेळ झाली. घराकडून पहिला कागद गेला, आईच्या वळणदार अक्षरात: लीज संपत आहे, घराचा मानस बेडोकला जाण्याचा आहे, यजमानांचा प्रवास वाचेल, कळावे. यार्डाचं उत्तर आलं: दादाची दगदग यार्डाला दिसते, पण रेवाची शाळा सोडता येत नाही, कळावे. दुसरा कागद: मग यार्डानं वुडलँड्सलाच लहान फ्लॅट पाहावा, आजी अर्थातच घराबरोबर येतील. उत्तर: अर्थातच का? तिसरा कागद बाबांनी लिहिला, कारण आईनं लिहायला नकार दिला. बाबांचा तो आयुष्यातला एकमेव परराष्ट्रीय खलिता: कारण आई जावयाच्या घरी राहत नाही, हे तुलाही माहीत आहे, संध्या. यार्डाचं उत्तर रेवानं आणलं तेव्हा तिनं टाय काढून टाकला होता. त्यात एवढंच होतं की यार्ड निरुत्तर आहे.

तीनदा झालं होतं. म्हणजे एकत्र बैठक. शनिवारी सकाळी आम्ही डायनिंग टेबलाशी बसलो. काका तेव्हा कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून पडले होते, म्हणून यार्डाकडून आत्या आणि रेवा, घराकडून आई आणि बाबा. दोन्ही बाजू सारख्या हव्यात म्हणून मला मत नाही, मी अध्यक्ष. राजा सोफ्यावर. नियम मी वाचून दाखवला: चर्चा नाही. आणि खरंच कुणी बोललं नाही. फ्रिजची घरघर ऐकू आली, एमआरटीची गाडी वळणावर घासली ती ऐकू आली, खालच्या मलय आजोबांनी काळजीनं रेडिओ बंद केला तेही ऐकू आलं. आई टेबलक्लॉथची शिवण बोटानं सरळ करत होती. आत्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"ज्यांना वेगळं व्हायचंय त्यांनी हात वर करा," मी म्हटलं.

हात वर गेला तो आत्याचा. मी आधी समजले की तिला काही विचारायचंय. पण तिनं हात सरळ वर धरला होता आणि ती भावाकडे बघत होती, त्याच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे. बाबांनी बायकोच्या वतीनं हात उचलला, तो कानापर्यंत गेला, आणि तिथंच अडकला. कारण ज्या बायकोसाठी ते हात वर करत होते तिचे दोन्ही हात मांडीवर होते. खाली आणावा तर बहिणीला एकटं पाडल्यासारखं, म्हणून तो तसाच कानाशी राहिला, पंचांनी काय निर्णय दिलाय ते कळू नये असा. तो मी वर गेला असं धरून मोजला.

"आणि ज्यांना एकत्र राहायचंय?"

रेवानं दोन्ही हात वर केले. एकच मोजलं जाईल असं मी तिला बजावलं. आणि आईनं हात वर केला. आई, जिनं बेडोकच्या फ्लॅटचे पडदेसुद्धा मनातल्या मनात शिवले होते. ती आत्याकडे बघत नव्हती. ती मधल्या दाराकडे बघत होती. त्यापलीकडचं हसू बेडोकला आलं नसतं, हे तिला आणि मला, दोघींनाच माहीत होतं.

"वहिनी," आत्या म्हणाली, "तुम्ही काय करताय?"

"चर्चा नाही," आई म्हणाली. "तू काय करतेयस ते बघ आधी."

"ड्रॉ लाह," रेवा म्हणाली.

बरोबरी म्हणजे राजा. आम्ही सगळे सोफ्याकडे वळलो. आजीनं माळ बाजूला ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा लावला. एवढ्या वेळात व्हिएन्नात दोन मंत्रिमंडळं पडून नवी आली असती.

"दोन घरं बघा," आजी म्हणाली.

"आई," आत्या आणि आई एकाच वेळी म्हणाल्या. एकीची ती आई, एकीची सासू, हाक तीच.

"ऐका. आज हिनं तिच्यासाठी हात वर केला, तिनं हिच्यासाठी. हे पुढच्या लीजपर्यंत टिकायचं नाही. मी दोघींनाही पुरती ओळखते. मार्चपर्यंत तुम्ही याच दोन हातांवरून भांडाल, कुणी कुणावर उपकार केले म्हणून. पानात गोड आहे तोवर उठावं. माझा अवी बेडोकला जाऊ दे, त्याचे पाय शाबूत राहतील. रेवाची शाळा राहू दे."

मी रडायला लागणार होते. राज्य माझं होतं. पण अध्यक्षानं रडावं की नाही याबद्दल घटनेत काही नव्हतं, आणि आत्या आधीच रडत होती, पण एका हातानं रेवाची वेणी घट्ट करत, म्हणजे कुणाला कळू नये. बाबांनी कानाजवळचा हात शेवटी खाली आणला. हिशेबी माणूस, लगेच सोयीकडे वळले.

"ठीक आहे आई. बेडोकला तुझ्यासाठी बाथरूमला लागून असलेली खोली बघतो. रात्री उठावं लागतं तुला."

"माझ्यासाठी नको बघू," आजी म्हणाली. "मी संध्याकडे राहणार."

आत्याच्या हातातली वेणी सुटली. आई खुर्चीवरून अर्धी उठली आणि तशीच राहिली. "आमचं काही चुकलं का?" तिनं विचारलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सासूला विचारताना तिचा आवाज मुलीसारखा लागला.

"नाही ग मेधा. तू लिंबू ठेवलंस, तेव्हाच मी ठरवलं होतं. शनिवारी येत जाईन तुझ्याकडे. कढी करून ठेव."

बाबांना मात्र अजून उलगडेना. मालवणच्या ओसरीवरची ती पाण्याची बाटली त्यांनी स्वतः पुण्याहून वाहिली होती. ते आजीसमोर जाऊन उकिडवे बसले आणि हळू आवाजात, रेवाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "आई, तू जावयाच्या घरी राहणार? जावयाच्या?"

"जावई बोटीवर असतो," आजी म्हणाली.